तिसऱ्या रात्रीचा धिंगाणा हे नाटक नव्हे

रोज पिणारा माणूस पाय मोडून दाखल होतो आणि तिसऱ्या रात्री सलाईन उपटतो, भिंतीवर किडे दिसतायत म्हणून ओरडतो. मग वॉर्डात हमखास ऐकू येतं: ‘दारूसाठी नाटकं चाललीत, बांधून ठेवा!’ हे साफ चूक आहे. दारू अचानक तुटली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, 48 ते 96 तासांत भ्रम होऊ शकतो. उपचाराविना यात जीवही जातो. म्हणूनच सिस्टर पुन्हा पुन्हा नाडी, घाम, थरथर बघतात. डॉक्टर लोराझेपाम किंवा डायझेपाम ही थरथर आणि झटके आवरणारी औषधं सुरू करतात, ग्लुकोजआधी थायमिन (व्हिटॅमिन बी-1) देतात. नुसतं बांधल्याने तगमग वाढते. नातेवाइकांनो, लाजेपोटी पिणं लपवू नका. शेवटचा पेग कधी घेतला, हे दाखल करतानाच सांगा.