स्तनदाहावर काढा आणि छोटी चीर: चीनमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साचून होणारा स्तनदाह सगळ्यांना माहीत असतो. चीनमध्ये पारंपरिक औषधं आणि छोटी शस्त्रक्रिया यांची जी सांगड घातली जाते, तिच्यावरचा वाद मात्र बहुतेक दुसऱ्याच दुखण्याबद्दल, पाजण्याच्या काळाबाहेर होणाऱ्या स्तनदाहाबद्दल आहे. बाळाचं पाजणं सुटून बऱ्याचदा दोन-चार वर्षं झालेली असतात आणि स्तनात टणक गाठ येते. घरात कर्करोगाची धास्ती बसते. बायोप्सीत कर्करोग निघत नाही, निघतो ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका, किंवा प्लाझ्मा पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पेशींची) दाटी. पुढे गाठ पिकते, फुटते, एक तोंड भरतं तोवर दुसरं वाहू लागतं.

पाश्चात्त्य वैद्यकात दूधनलिकेच्या नाडीव्रणाचं (आतून कातडीपर्यंत वाहत राहणाऱ्या वाटेचं) ठळक वर्णन १९५१ साली आलं, ग्रॅन्युलोमाच्या स्तनदाहाचं १९७२ साली. त्याच सुमारास चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाला सरकारी छत्र मिळत होतं. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगदू इथे त्याची महाविद्यालयं निघाली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही हे वैद्यक शिकायला बसवलं गेलं. म्हणजे ही सांगड रुग्णालयात रुजण्याआधी धोरणात ठरली होती. तिच्या आजच्या समर्थकांना ते फारसं आठवत नाही.

खरा वाद आहे कधी आणि किती कापायचं याचा, आणि तो जुनाच आहे. १६१७ सालच्या एका चिनी शल्यग्रंथाला पू झाल्यावर शस्त्राचं वावडं नव्हतं. १७४० सालच्या दुसऱ्या ग्रंथाने शस्त्रावर कडक टीका केली. पोटातल्या औषधाने गाठ विरवणं हेच त्याच्या मते श्रेष्ठ. आधुनिक काळात दुसऱ्या टोकाला गेलेले सर्जन दिसतात: रोगट भाग सगळा काढा, नाहीतर उलटेल. पण आजार भडकलेला असताना रोगट कुठे संपतं आणि निरोगी कुठे सुरू होतं हे कळत नाही. तिशीतल्या बाईचा स्तन विद्रूप होतो आणि एवढं करून आजार उलटू शकतोच. १९८० पासून स्टिरॉइडचा पर्याय पुढे आला. गाठ झपाट्याने बसते, पण डोस उतरवताना काहींना पुन्हा येते. वजन आणि साखर वाढते ते वेगळंच.

सांगडवाले नुसतं औषध आणि सगळं कापणं या दोहोंच्या मधे उभे आहेत. आधी काढा आणि लेप देऊन सूज आवरायची, पू एका जागी येऊ द्यायचा, मग लहानशी चीर देऊन आतला कुजका भाग खरवडायचा. पोकळी लांब आणि वाकडी असेल तर एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत रेशमी दोरे ओवून सैल बांधतात. ड्रेसिंगच्या वेळी दोऱ्यावर औषधी पूड भुरभुरून तो भाग आत ओढून घेतात. स्राव पातळ आणि स्वच्छ झाला की दोरे काढून वर कापसाची जाड गादी ठेवतात आणि घट्ट पट्टी बांधतात, म्हणजे पोकळीच्या भिंती चिकटतात. आपल्याकडे भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला औषधी दोरा, पाहिलेल्याला ही पद्धत ओळखीची वाटेल, पण क्षारसूत्र मार्ग कापत जातं, इथला दोरा फक्त निचरा करतो.

त्या पुडीत पूर्वापार पाऱ्याचा ऑक्साइड असतो. नेहमीच्या मिश्रणात नऊ भाग भाजलेला जिप्सम आणि एक भाग हा. उघड्या जखमेवर पारा घालण्याला आक्षेप आहे, आणि तो रास्तच आहे.

काढ्याने नेमकं किती काम केलं हे सांगणं त्याहून अवघड. हा आजार काहींना नुसत्या देखरेखीखालीही काही महिन्यांनी आपोआप ओसरतो. चीर, खरवडणं, दोरा, गादी आणि काढा एकत्र दिल्यावर श्रेय कुणाचं? माझं मत विचाराल तर मोठा वाटा निचऱ्याचा आणि वाट पाहण्याचा असावा. २००० नंतर काही रुग्णांच्या गाठीत चरबीवर वाढणारा कोरिनेबॅक्टेरियम जातीचा एक जंतू सापडू लागला, त्यामुळे कोणतं प्रतिजैविक आणि किती दिवस, हाही प्रश्न पुन्हा उघडला.

भारतात या सगळ्याच्या आधी क्षयाचा प्रश्न येतो. ग्रॅन्युलोमा दिसला की स्तनाचा क्षय आहे का, हे तपासावं लागतं, आणि जंतू न सापडताही क्षयाची औषधं सुरू केली जातात. क्षय नाही याची खात्री झाली नसेल तर स्टिरॉइडने तो भडकू शकतो, म्हणून काढा की चीर हा वाद इथे बऱ्याचदा त्यानंतरच सुरू होतो.