उतारवयातील हृदयाचा लगाम

प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे मेंदूशी असलेले मज्जातंतू तुटलेले असतात, तरीही ते धडधडत राहते. इतकेच नव्हे, तर विश्रांतीतही मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके देते. निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय मात्र अशा वेळी सत्तरच्या आसपास असते. हा फरक मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे पडतो. मेंदूच्या तळाशी उगम पावून छाती-पोटापर्यंत पोहोचणारा हा तंतू हृदयाची गती ठरवणाऱ्या सायनस गाठीपाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतो आणि हृदयाचा लगाम ओढून धरतो. हे काम रसायनामार्फत चालते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवरील प्रयोगांतून दाखवले. जिना चढताना किंवा अचानक घाबरल्यावर आधी हा लगाम सैल सुटतो आणि मग सिंपथेटिक चेतासंस्था, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, टाच मारते.

श्वास आत घेताना व्हेगसचा ताण किंचित कमी होतो आणि सोडताना वाढतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधील अंतर काही मिलिसेकंदांनी सतत बदलत असते. अगदी तालात, तसूभरही न हलता चालणारे हृदय उत्तम, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. हे लहान चढउतार व्हेगस जागा असल्याची खूण आहेत आणि वयानुसार ते घटत जातात.

स्त्रियांच्या बाबतीत त्यात रजोनिवृत्तीची भर पडते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण उतरल्यानंतर सिंपथेटिक चेतासंस्थेचा जोर वाढू लागतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठर होतात, आणि मानेतील कॅरोटिड धमनीत बसलेल्या रक्तदाबसंवेदकांना त्या ताठर भिंतींतून दाबाचा बदल पूर्वीइतका स्पष्ट जाणवत नाही. उठून उभे राहिल्यावर सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. संवेदकांकडून मिळणारा इशारा क्षीण झाला, तर हृदयाचे उत्तरही उशिरा येते. अंथरुणातून उठताना अनेक वृद्ध स्त्रियांना येणाऱ्या भोवळीमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असते.

नियमित व्यायामाने यातले किती परत मिळवता येते? अमेरिकेत डॅलस येथे २००१ पासून काही वर्षे झालेल्या ‘ड्रू’ या चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या आणि वजन जास्त असलेल्या ४६४ स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटाला व्यायाम दिला नाही. उरलेल्या तीन गटांनी सहा महिने मध्यम गतीने, आठवड्याला सरासरी ७२, १३६ आणि १९२ मिनिटे व्यायाम केला. त्यांची व्यायामक्षमता वाढली आणि ठोक्यांच्या नोंदींत व्हेगसचे काम दाखवणारे निर्देशांकही मात्रेनुसार सुधारले. सिंपथेटिक बाजूच्या निर्देशांकांत मात्र बदल दिसला नाही. म्हणजे टाच तितकीच राहिली, पण लगाम घट्ट झाला.

या चाचणीतली दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. गटागटांत वजन फारसे वेगळे घटले नाही आणि रक्तदाबातही लक्षणीय फरक पडला नाही. महिनाभर चालूनही काटा हलत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्या स्त्रिया आपल्या अवतीभोवती कमी नाहीत. पण वजनकाट्याला या बदलाचा पत्ता लागणे शक्यच नसते.

हा बदल अधिक सहज कळतो तो व्यायाम थांबवल्यावर. श्रम संपताच पहिल्या मिनिटात नाडी उतरवण्याचे काम प्रामुख्याने व्हेगसचे असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ट्रेडमिल चाचणीनंतरच्या पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. घरी मोजलेल्या आकड्यावरून निदान करू नये, पण तीच चढण चढल्यावर नाडी पूर्वीपेक्षा लवकर खाली येते का, हे मनगटावर बोटे ठेवून पाहता येते.

किती जोराने चालावे, यासाठी हृदयाची कमाल गती सांगणारे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्रास सांगितले जाते. शिकागोतील हजारो स्त्रियांच्या माहितीवरून २०१० मध्ये स्त्रियांसाठी वेगळे सूत्र पुढे आले: २०६ मधून वयाच्या ०.८८ पट वजा करणे. त्यानुसार पासष्टाव्या वर्षी कमाल गती १५५ नव्हे, तर सुमारे १४९ येते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना मात्र दोन्ही सूत्रे निरुपयोगी आहेत, कारण त्या गोळ्या हृदयाची गती फारशी वाढू देत नाहीत. त्यांनी चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग धरावा. स्मार्टवॉचवर ठोक्यांमधील अंतराच्या परिवर्तनशीलतेचा (एचआरव्ही) आकडा एकाएकी खूप वाढलेला दिसला, तर तोही नेहमी आनंदाचा नसतो: उतारवयात आढळणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशन या विकारातही ठोक्यांमधील अंतर सतत बदलते, पण ते व्हेगसमुळे नव्हे. नाडी कोणत्याच तालात बसत नसेल, तर ईसीजी काढून घ्यावा.