वायबेल–पॅलेड पिंड

वायबेल–पॅलेड पिंड : रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशींत आढळणारे काडीच्या आकाराचे साठवण-पिंड. जाडी सुमारे ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर, लांबी १ ते ५ मायक्रोमीटर. एवाल्ड वायबेल व जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९६४ मध्ये त्यांचे वर्णन केले. रक्त साकळण्यास लागणारा फॉन विलेब्रँड घटक त्यांतच साठतो, हे १९८२ मध्ये दाखवले गेले. पांढऱ्या पेशींना वाहिनीच्या भिंतीशी धरणारे पी-सिलेक्टिन हे प्रथिनही येथेच असते.

थ्रॉम्बिन वा हिस्टामीन पेशीच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की फॉस्फोलायपेज-सी हे विकर (एन्झाइम) कार्यान्वित होऊन आयपी-३ हा संदेशवाहक रेणू तयार होतो आणि अंतर्द्रव्य जालिकेतील, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यातील, कॅल्शियम पेशीद्रवात सुटते. त्याची पातळी दर लिटरमागे सुमारे ०.१ वरून १ मायक्रोमोलच्या आसपास जाते. साठा उतरताच बाहेरचे कॅल्शियमही आत येऊ लागते. पिंड मग पेशीपटलाशी जुळून रिकामे होतात. पिंडात आम्लता सुमारे पीएच ५.५ असते, म्हणून फॉन विलेब्रँड घटकाच्या नळ्या गुंडाळलेल्या राहतात, रक्ताच्या ७.४ ला त्या उलगडून लांब तंतू होतात आणि बिंबिका (प्लेटलेट) त्यांना अडकतात. अ‍ॅडम्ट्स-१३ हे विकर हे तंतू छाटते. ते अपुरे पडल्यास लहान वाहिन्यांत गुठळ्या होतात. साकळण-क्रियेतील ‘घटक ४’ म्हणजे रक्तद्रवातले कॅल्शियम. पेशीतल्या या संदेशाशी त्याची गल्लत होऊ नये.

पिंड रिकामे करण्याचा दुसरा मार्ग सीएएमपी या संदेशवाहक रेणूचा, तुलनेने संथ. डेस्मोप्रेसिन हे औषध तोच वापरते : दर किलो वजनामागे ०.३ मायक्रोग्रॅम, सलाइनमधून २० ते ३० मिनिटांत. रक्तातील फॉन विलेब्रँड घटक व घटक ८ (साकळण्यास लागणारे आणखी एक प्रथिन) साधारण दोन ते पाच पट वाढतात. लागोपाठ मात्रा दिल्यास साठाच संपत आल्याने परिणाम घटतो. औषधाने लघवी कमी होऊन पाणी शरीरात साचते व रक्तातील सोडियम उतरते, म्हणून पाणी मोजूनच द्यावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे घरोघरी ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगितले जाते, हे रुग्णाला बजावून सांगावे लागते.

घटक ८ नेमका कुठे तयार होतो, हा जुना वाद. यकृत-प्रत्यारोपणाने हिमोफिलिया (घटक ८ च्या कमतरतेचा रक्तस्रावी विकार) बरा होतो, यावरून यकृतपेशींकडे बोट दाखवले जाई. परंतु यकृताच्या सूक्ष्म वाहिन्यांतील अस्तरपेशीही प्रत्यारोपणासोबतच येतात, त्यामुळे तेवढा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो. २०१४ मधील उंदरांवरील प्रयोगांनी पारडे अस्तरपेशींकडे झुकवले असून आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तो याच पिंडांत साठतो की नाही, हा प्रश्न निराळा. डेस्मोप्रेसिनने दोन्ही घटक एकदमच वाढतात, म्हणजे काही साठा समान असावा. मात्र सगळ्या अस्तरपेशींना हे लागू करणे घाईचे ठरेल.

हे घटक मोजण्याच्या चाचणीसाठी रक्त ३.२ टक्के सायट्रेटच्या (रक्त साकळू न देणाऱ्या द्रवाच्या) निळ्या झाकणाच्या नळीत, नऊ भागांस एक भाग या प्रमाणात, खुणेपर्यंत भरून घेतात. नळी कमी भरली तर सायट्रेट जास्त होऊन निकाल बिघडतो. पारा ४५ अंशांवर गेला की नमुना बर्फाच्या डब्यात ठेवण्याचा मोह नागपुरात होतो. पण रक्तद्रव वेगळा न केलेले रक्त थंड केल्याने फॉन विलेब्रँड घटक व घटक ८ घटतात आणि निरोगी माणसाला रोगी ठरवले जाते. नमुना १८ ते २४ अंशांत, वातानुकूलित खोलीत ठेवून चार तासांच्या आत रक्तद्रव वेगळा करावा; नंतर तपासायचा असल्यास अपकेंद्री यंत्रात दोनदा फिरवून मगच गोठवावा. गोठवलेला द्रव ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवावा, कारण फ्रिजमध्ये सावकाश वितळवल्यास हेच दोन्ही घटक साक्यात (तळाशी जमणाऱ्या गाळात) उतरून नळीच्या तळाशी बसतात.