१/१४४ : प्रवासी विमानांच्या प्लास्टिक किटची पार्श्वभूमी

प्रवासी विमानाचे प्लास्टिक किट घरी जोडायला घेणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी एक विचित्र आकडा पडतो : १/१४४. म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या एकशे चव्वेचाळिसाव्या भागाएवढे. शंभर नाही, दीडशे नाही, तर एकशे चव्वेचाळीस. हा आकडा आला कोठून, जुन्या किटच्या पंखांवर पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा उठावाच्या का असतात, खिडक्यांच्या जागी कधी छिद्रे तर कधी सलग भिंत का मिळते, आणि साधा पांढरा रंग देताना एवढा वेळ का जातो, या प्रश्नांची उत्तरे डब्यातील सूचनापत्रकात नसतात. ती या छंदाच्या आणि विमानवाहतुकीच्या एकमेकांत गुंतलेल्या इतिहासात आहेत.

प्रमाणापासून सुरुवात करावी लागेल, कारण बाकीचे पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे. फूट आणि इंच यांत मोजणाऱ्या देशांत सहा फुटी माणूस एक इंचाचा दाखवला की आपोआप १/७२ हे प्रमाण तयार होते. ब्रिटनमध्ये १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स यांनी 'स्कायबर्ड्स' ही लाकडी विमानांची किट याच प्रमाणात आणली. पुढे १९३६ मध्ये 'फ्रॉग' या ब्रिटिश नाममुद्रेने सेल्युलोज अॅसिटेटमध्ये ओतलेल्या विमानांची मालिका काढली आणि तिला 'पेंग्विन' असे नाव दिले. फ्रॉगची इतर विमाने उडणारी होती, ही मात्र न उडणाऱ्या पक्ष्यासारखी फळीवर ठेवण्यासाठी होती. प्लास्टिकच्या विमान-किटचा इतिहास साधारणपणे येथून मोजला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने १९४२ साली शाळकरी मुलांना विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले, त्यांचेही प्रमाण १/७२ होते, आणि त्यामुळे ते अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना रुळले.

अॅसिटेट काळाच्या ओघात आकसते आणि वाकडे होते. युद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली, आणि घरी बसून काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा होता. पॉलिस्टायरीन साच्यात बारीक तपशील उचलते, कानशीने आणि पॉलिश पेपरने सहज घासले जाते, आणि मुख्य म्हणजे योग्य द्रावक लावल्यास त्याचे दोन भाग चिकटत नाहीत, तर वितळून एकजीव होतात. धडाचे दोन अर्धे जोडताना सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येऊ द्यायची, ती पूर्ण वाळल्यावर घासून टाकायची आणि उरलेल्या खाचेत पुट्टी भरायची, ही आजची पद्धत या गुणधर्मावरच उभी आहे. लढाऊ विमानावर सांध्याची एखादी खूण रंगांच्या ठिपक्यांत लपून जाते. प्रवासी विमानाचे धड म्हणजे लांब, चकचकीत नळी. तिच्या पाठीवरची केसाएवढी रेषही उजेडात दिसते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत रेव्हेलसारख्या कंपन्यांनी प्रवासी विमानांची किट मोठ्या संख्येने काढली, तेव्हा प्रमाणाला फारसे महत्त्व नव्हते. खोके ठरावीक मापाचे असे आणि विमान त्या खोक्यात बसेल एवढे केले जाई. म्हणून रेव्हेलचे बोइंग ७०७ हे १/१३९ प्रमाणात, कॉन्व्हेअर ९९० हे १/१३५ प्रमाणात, तर लॉकहीड इलेक्ट्रा १/११५ प्रमाणात निघाले. एकेकटी पाहिली तर ही मॉडेल देखणी आहेत, पण शेजारी ठेवली की लहान विमान मोठ्याच्या बरोबरीचे दिसू लागते. प्रवासी विमाने जमवणाऱ्याला तर नेमका हाच फरक पाहायचा असतो, म्हणजे सत्तर मीटरच्या जंबोपुढे (बोइंग ७४७) तीस मीटरचे ७३७ किती लहान दिसते ते.

हा गोंधळ दूर करण्यात ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीच्या 'स्कायकिंग' मालिकेचा मोठा वाटा आहे. १/७२ मध्ये जेट विमान करणे परवडणारे नव्हते. बोइंग ७४७ ची लांबी सुमारे ७०.६ मीटर आहे, म्हणजे त्या प्रमाणात मॉडेल जवळजवळ एक मीटर लांब होते. म्हणून १/७२ चे निम्मे, १/१४४ हे प्रमाण घेतले गेले. त्यात फुटाचा बरोबर इंचाचा बारावा भाग होतो आणि ७४७ ची लांबी ४९ सेंटीमीटरवर येते. १९६० च्या दशकात कॅराव्हेल, कॉमेट, ट्रायडंट, व्हीसी-१०, बोइंग ७२७ अशी विमाने एका मागून एक याच मापात आली आणि पुढे रेव्हेलची जर्मन शाखा, अमेरिकेची मिनिक्राफ्ट, रशियाची झ्वेज्दा यांनी तेच माप चालवले. दशमान पद्धतीत वाढलेल्या देशांतील काही कंपन्यांनी मात्र वेगळी मापे निवडली : पूर्व जर्मनीच्या प्लास्टिकार्टने सोव्हिएत बनावटीची प्रवासी विमाने १/१०० मध्ये काढली, जपानच्या हासेगावाने १/२०० निवडले, फ्रान्सच्या एलेरने काही विमानांसाठी १/१२५ घेतले. ज्याला एकाच फळीवर वेगवेगळ्या काळांची विमाने मांडायची आहेत त्याच्यासाठी आजही १/१४४ इतका विस्तृत पर्याय दुसरा नाही.

आता पृष्ठभागाकडे वळू, कारण माझ्या मते प्रवासी विमानाचे मॉडेल हे आकारापेक्षा पृष्ठभागाचे मॉडेल आहे.

जुन्या किटवरील उठावाच्या रेषा हा कारागिरांचा आळस नव्हता. पोलादी साच्यात रेघ कोरली की प्लास्टिकवर ती उठून येते, आणि कोरणे सोपे असते. प्लास्टिकवर खोलगट रेष हवी असेल तर साच्यात उंचवटा हवा, म्हणजे त्याच्या भोवतालचे सगळे पोलाद काढून टाकायला हवे. विजेच्या ठिणगीने धातू झिजवण्याचे तंत्र आल्यावर हे बदलले : तांब्याच्या किंवा ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर रेघ कोरायची, त्याने साचा झिजवायचा, साच्यात उंचवटा आपोआप राहतो आणि प्लास्टिकवर खाच उतरते. जुने किट करणाऱ्याला याचा अर्थ पाठीचा सांधा घासतानाच कळतो, कारण उठावाच्या रेषाही पॉलिश पेपरखाली जातात. मग धातूची पट्टी लावून सुईने त्या पुन्हा कोराव्या लागतात. कोरण्यापूर्वी थोडा हिशेब करावा : मॉडेलवरची ०.२ मिलिमीटरची खाच १/१४४ मध्ये खऱ्या विमानावर जवळजवळ तीन सेंटीमीटरची फट होते. खऱ्या विमानाच्या पत्र्यांच्या सांध्यांत एवढी फट नसते. या रेषा काळ्या रंगाने भरून उठावदार करण्याची लढाऊ विमानांची रीत प्रवासी विमानावर म्हणूनच खोटी दिसते. विमानाच्या रंगापेक्षा किंचित गडद राखाडी पुरतो, आणि पुष्कळदा काहीच न भरणे उत्तम.

खिडक्यांचा वाद यापेक्षा जुना आहे. सुरुवातीच्या किटमध्ये छिद्रे आणि आतून चिकटवायच्या पारदर्शक पट्ट्या असत. १/१४४ मध्ये खिडकी जेमतेम दोन मिलिमीटर उंच होते. प्लास्टिकच्या जाड भिंतीतून पाहिल्यावर तिथे खिडकीऐवजी खोल भोक दिसते, शिवाय पट्टीवर गोंदाचा डाग पडला तर तो काढायला मार्ग उरत नाही. दिवसा खरे विमान पाहा : बाहेरून आतले काही दिसत नाही, खिडक्या गडद काचेच्या सलग रांगेसारख्या भासतात. या निरीक्षणातूनच छिद्रे पुट्टीने बुजवून वर छापील खिडक्यांचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) लावण्याची पद्धत रुजली, आणि अलीकडे काचेवरची छटा व कडेची सावली छापलेली डिकलही मिळतात. बोइंगच्या अरुंद धडाच्या विमानांत सांगाड्याच्या कड्या वीस इंचांच्या अंतराने असतात आणि खिडक्याही त्याच अंतराने येतात. १/१४४ मध्ये ते अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटर भरते. बुजवलेल्या छिद्रांपेक्षा छापील रांग जास्त अचूक असू शकते, ती या कारणाने.

या सगळ्या कामाला अर्थ देणारी गोष्ट म्हणजे विमानकंपन्यांची रंगयोजना, आणि तिचाही स्वतंत्र इतिहास आहे. पहिल्या जेटच्या काळात धडाचा खालचा भाग चकचकीत अॅल्युमिनियमचा, वरचा भाग पांढरा आणि मध्ये खिडक्यांना कवेत घेत नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा रंगीत पट्टा असे. उघड्या धातूसाठी मॉडेल करणारे कधी अतिशय पातळ धातूचा पत्रा चिकटवतात, कधी चकचकीत काळ्या थरावर अॅलक्लॅडसारखा धातुरंग एअरब्रशने देतात. दोन्हींत खालचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असावा लागतो. पंखही एका रंगाचे नसतात : जुन्या बोइंग विमानांत पंखाच्या मधल्या भागावर गंजरोधक 'कोरोगार्ड' रंगाची गडद, किंचित चमकती राखाडी पट्टी असे आणि कडांना फिकट राखाडी किंवा धातू. हा फरक दाखवला की मॉडेल लगेच खरे वाटू लागते, इतके की वेळ कमी असेल तर मी आतल्या बारकाव्यांपेक्षा पंखांच्या या छटांवर तो घालवावा असे सांगेन.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या ब्रॅनिफ इंटरनॅशनलने अलेक्झांडर जिरार्ड यांच्याकडून रंगयोजना करून घेतली आणि अख्खी विमाने एकेका भडक रंगात रंगवली. १९७३ मध्ये याच कंपनीच्या एका डीसी-८ वर अलेक्झांडर काल्डर यांनी केलेले चित्र झळकले. १९७६ च्या सुमारास एअर फ्रान्सने धड जवळजवळ पूर्ण पांढरे ठेवून शेपटीवर पट्टे दिले आणि ही पांढरी शैली युरोपभर पसरली. काँकॉर्डच्या बाबतीत पांढरा रंग ही सक्ती होती. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना विमानाची कातडी तापते आणि पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो. १९९६ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक काँकॉर्ड निळे रंगवले गेले, तेव्हा त्या सर्वोच्च वेगावर वीस मिनिटांपेक्षा अधिक राहू नये अशी मर्यादा त्याला घालावी लागली होती. पुढे धातूऐवजी कार्बन तंतूंसारख्या मिश्र पदार्थांची विमाने आल्यावर उघड्या धातूची शैली टिकणे शक्यच नव्हते. अमेरिकन एअरलाइन्सने आपला प्रसिद्ध चकचकीत धातूचा अवतार २०१३ मध्ये सोडला.

घरच्या टेबलावर मात्र पांढरा हा सर्वांत अवघड रंग ठरतो. तो झाकत नाही, कडांवरून मागे सरकतो आणि धुळीचा प्रत्येक कण उघडा पाडतो. राखाडी प्रायमरवर सांधे तपासून घ्यायचे, मग अनेक पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, शेवटी बारीक कागदाने ओले घासायचे, यांतला एकही टप्पा गाळता येत नाही.

त्यावर डिकल बसते. पाण्यात विरघळणारा गोंद, त्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर शाई अशी त्याची रचना असते. खाली पृष्ठभाग खरखरीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो, म्हणून डिकलपूर्वी चकचकीत थर द्यावा लागतो आणि नंतर मायक्रो सोलसारखा द्राव पापुद्रा मऊ करून तो वळणांवर बसवतो. साधे छपाईयंत्र पांढरी शाई छापू शकत नाही. म्हणून निळ्या शेपटीवरील पांढरे चिन्ह अनेक वर्षे फक्त रेशीम-जाळीच्या छपाईतूनच (स्क्रीन प्रिंटिंग) मिळे. या छपाईत लहान, स्वतंत्र कारागिरांनी जो हात बसवला त्यामुळेच एका किटमधून आज वेगवेगळ्या कंपन्यांची डझनभर विमाने करता येतात. साचा पोलादाचा, महागडा आणि दीर्घायुषी असल्यामुळे कंपन्या तो दशकानुदशके वापरतात. विमान मात्र बदलत राहते, आणि ती दरी डिकलवाले, रेझिनचे भाग ओतणारे आणि आता थ्रीडी छपाई करणारे भरून काढतात.

वजनाचा एक मुद्दा पूर्ण वेगळा आहे. व्हीसी-१० किंवा इल्युशिन-६२ सारख्या, इंजिने शेपटीजवळ असलेल्या विमानाच्या नाकात वजन भरले नाही तर मॉडेल शेपटीवर बसते. इल्युशिन-६२ च्या बाबतीत खऱ्या विमानालाही ही अडचण होती : रिकामे उभे करताना शेपटीखाली छोट्या चाकांचा एक आधार खाली सोडत. मॉडेलला तो आधार लावणे ही लबाडी नव्हे, उलट तपशीलच आहे. नाकातले वजन मात्र धड बंद करण्यापूर्वीच भरावे लागते.

शेवटी प्रश्न येतो तारखेचा. एकाच विमानाचे रूप वर्षागणिक बदलत असल्यामुळे डिकलवरची नोंदणी-अक्षरे आणि प्लास्टिक यांचे साल एकच असावे लागते. सुरुवातीच्या ७०७ चे उभे शेपूट बुटके होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून ते उंच केले गेले आणि धडाच्या खालीही एक छोटे उभे पाते आले. १९७० च्या पहिल्या ७४७ ना वरच्या मजल्यावर प्रत्येक बाजूला तीनच खिडक्या होत्या, नंतरच्या विमानांत त्या दहा झाल्या. दहा खिडक्यांच्या किटमधून पहिल्या वर्षाचे विमान घडवायचे ठरवले, तर त्या वर्षाचे छायाचित्र समोर ठेवून तीन खिडक्यांच्या जागा आखायच्या, आणि प्रायमरचा पहिला थर देण्यापूर्वी बाकीची छिद्रे बुजवून घासून सपाट करायची.