हेल्मेट घातलं की मेंदूला धक्का बसत नाही?

अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अंगाने धडकून अडवायचा खेळ, याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो: पूर्वी चामड्याच्या टोप्या होत्या म्हणून खेळाडूंच्या मेंदूला इजा व्हायची, कडक हेल्मेट आल्यावर तो धोका संपला.

यातलं अर्धं खरं आहे. 1920 च्या दशकात हेल्मेट सक्तीचं नव्हतं. कॉलेजांत ती सक्ती 1939 मध्ये आली, व्यावसायिक खेळात 1943 मध्ये. पुढे प्लॅस्टिकचं कवच आलं आणि कवटी फुटणं खूपच कमी झालं.

मेंदूचं मात्र वेगळं आहे. तो कवटीत द्रवात असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा वळलं, तरी आत मेंदू हलतच राहतो. झाकणाच्या डब्यात पाणी आणि उकडलेलं अंडं ठेवून डबा जोरात हलवा. डब्याला ओरखडाही नसतो, अंडं मात्र फुटतं.

उलट कडक हेल्मेटच्या भरवशावर खेळाडू डोकं पुढे करूनच भिडू लागले. 1976 मध्ये शाळा-कॉलेजांच्या नियमांत अशा धडकेवर बंदी आली आणि मानेच्या गंभीर दुखापती झपाट्याने घटल्या. हे श्रेय नियमाचं. मला ते फार मोलाचं वाटतं.

पडताळायचं असेल तर तिथल्या कुठल्याही फुटबॉल हेल्मेटवरची इशाऱ्याची पट्टी वाचा. डोक्याच्या किंवा मानेच्या गंभीर इजा कुठलंही हेल्मेट पूर्णपणे टाळू शकत नाही, असं उत्पादकच तिथे सांगतात. म्हणून हेल्मेट काढायचं नाही; कवटी वाचते ती त्यामुळेच. पण धडकेनंतर चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर खेळाडूला लगेच मैदानाबाहेर घ्यायचं आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परत उतरवायचं नाही.