तिसरी खुर्ची : निर्वासित मुलांच्या थेरपीतला दुभाषी

व्यावसायिक दुभाष्याची आपल्या डोळ्यांसमोरची प्रतिमा बरीचशी न्युरेंबर्गच्या न्यायालयात घडली. नाझी नेत्यांवरच्या १९४५-४६ च्या त्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांतून कामकाज एकाच वेळी ऐकू येत होतं. हेडफोन लावून काचेआड बसलेल्या माणसाने असून नसल्यासारखं राहायचं, हा दंडक तिथून रूढ झाला. कोर्टाला आणि परिषदांना तो मानवला. पुढे १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्थलांतरितांसाठी फोनवरून दुभाषी द्यायला सुरुवात केली, तेव्हाही फारसं अडलं नाही.

अडलं ते मानसोपचारात. १९८० साली ‘पीटीएसडी’ला, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे उरणाऱ्या मानसिक विकाराला, अधिकृत निदानाचं स्थान मिळालं. कोपनहेगनमध्ये १९८२ ला आणि लंडनमध्ये १९८५ ला छळ सोसलेल्यांसाठी उपचार केंद्रं उभी राहिली. मुलं या चित्रात आधी आली ती अनेकदा दुभाषी म्हणूनच! नवी भाषा घरात सर्वांत आधी त्यांनाच येते, मग डॉक्टरांकडे आईसोबत जायचं कोणी? तिने सोसलेलं तिच्याच लेकराने उच्चारायचं, ही सोय किती क्रूर आहे हे लक्षात यायला बराच काळ गेला.

‘असून नसल्यासारखा’ या कल्पनेला अभ्यासाचा धक्का बसला १९९८ मध्ये. भाषाभ्यासक सेसिलिया वाडेनश्यो यांनी स्वीडिश-रशियन संभाषणं तपासून दाखवलं, की दुभाषी बोलणं नुसतं पोहोचवत नाही, ते चालवतोही. त्याआधी, १९९० मध्ये, मॅकन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्या थेरपिस्टवर काय परिणाम होतो ते मांडलं होतं. दुभाषी तर तेच सगळं ‘मी’ म्हणून बोलतो. शिवाय अनेकदा तोही त्याच युद्धातून पळून आलेला असतो.

मग २०१५ उजाडलं. एकट्या स्वीडनमध्ये त्या वर्षी पालकांविना आलेल्या सुमारे ३५ हजार मुलांनी आश्रय मागितला. त्यांत बहुसंख्य अफगाण होती. मुलांसाठीच्या उपचारपद्धती तोवर तयार होत्या, अफगाणिस्तानातली दरी आणि इरिट्रियातली तिग्रिन्या या भाषा जाणणारे थेरपिस्ट मात्र जवळजवळ नव्हते.

प्रशिक्षणाची खरी गरज इथे कळते. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झमध्ये विकसित झालेल्या ‘किडनेट’ पद्धतीत मूल जमिनीवर दोर पसरून आपलं आयुष्य मांडतं : सुखाच्या प्रसंगाला फूल, भीतीच्या प्रसंगाला दगड. पुढच्या भेटींत थेरपिस्ट एकेका दगडापाशी थांबून ‘तेव्हा काय वाटलं’ आणि ‘आत्ता काय वाटतंय’ यांत सतत ये-जा करतो. दुभाष्याने हे काळ एकमेकांत मिसळले, की उपचाराचा कणाच मोडतो. मूल अडखळलं तर भाषांतरही अडखळलंच पाहिजे; दयेपोटी वाक्य नीट करून देणारा दुभाषी थेरपिस्टची वाट चुकवतो. शांतता भरून काढायची नाही. आणि दरी भाषेतलं ‘जिगर खून’ (काळीज रक्ताळणं) नुसतं ‘दुःख’ म्हणून उरकायचं नाही. काळीज तुटतं म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

विश्वासाचा प्रश्न वेगळाच. हजारा आणि पश्तून या अफगाणिस्तानातल्या दोन जमाती, त्यांच्यात जुना तणाव; हजारा मुलाला समोर पश्तून दुभाषी दिसला, तर भाषा कळूनही तोंड उघडेलच असं नाही. आपल्याच समाजातला माणूस बाहेर बोलेल ही धास्तीही असते. म्हणून गोपनीयतेची हमी पहिल्याच भेटीत, मुलाच्या भाषेत द्यायला शिकवतात.

सत्रानंतर थेरपिस्ट आणि दुभाषी यांनी काही मिनिटं एकत्र बसावं, असंही प्रशिक्षणात सांगतात. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा दुभाष्याच्या मुख्य तासाचेच पैसे देत नाही. या मिनिटांचा हिशेब तर त्याहून दूर.