घाटातल्या गाडीचा फोटो असाच का निघतो?

घाटरेल्वेचा नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. समोरून तिरकं येणारं इंजिन, त्याच्या मागे वळणावर वाकलेले डबे, ऊन इंजिनाच्या तोंडावर आणि एका बाजूवर. ही चौकट कुणाच्या तरी आवडीतून आली असं वाटतं. खरं तर ती बरीचशी चढाने आणि मंद, म्हणजे प्रकाश हळू टिपणाऱ्या फिल्मने ठरवली.

आल्प्समधला सेमरिंगचा मार्ग १८५४ मध्ये पूर्ण झाला, भोर घाटातून १८६३ मध्ये गाड्या धावू लागल्या. भोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्या काळात फोटो निघत ते १८५१ च्या ओल्या कोलोडियन पद्धतीने. काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच डेव्हलप करायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे, कारण प्लेट वाळली की तिच्यावर काही उमटत नसे. त्यामुळे अंधारा तंबू डोंगरावर सोबत न्यावा लागे. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, सेकंदांत मोजायचं, तेव्हा धावती गाडी म्हणजे नुसता पुसट पट्टा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा डोंगरांत सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या कामाचे फोटो आल्फ्रेड हार्टने काढले. त्यांत खोदकाम, बोगदे, लाकडी पूल भरपूर आहेत, आणि इंजिन दिसलंच तर ते उभं.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची पद्धत मांडली आणि १८८० च्या सुमारास तयार प्लेट बाजारात मिळू लागल्या. एक्स्पोजर सेकंदाच्या अंशात आलं. आता धावत्या गाडीचा फोटो शक्य होता, पण तो नीट यायचा तो गाडी हळू असेल तिथेच, म्हणजे चढावर.

हिशेब साधा आहे. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १० मीटर सरकते, १/१०० सेकंदात १० सेंटीमीटर. ३६ मिलिमीटर रुंदीच्या निगेटिव्हमध्ये २० मीटरचं दृश्य बसवलं, तर आडव्या जाणाऱ्या गाडीची कड सुमारे ०.१८ मिलिमीटर फरफटते. प्रिंट रेखीव यायला ही फरफट ०.०३ च्या आत हवी. आता तीच गाडी चढावर ताशी २० ने येऊ द्या, शटर १/२०० ठेवा: फरफट ०.०५. रुळांशी साधारण ३० अंशांचा कोन करून उभे राहा: ती निम्मी होऊन ०.०२५. फोटो रेखीव! तिरकी चौकट रूढ होण्यामागे हे गणित आहे. कारखान्यांनी काढलेले इंजिनांचे फोटो मात्र थेट बाजूने असत, कारण तिथे इंजिन उभंच असे. चकाकत्या काळ्या रंगात भाग दिसेनासे होतात म्हणून फोटोपुरता त्याला राखाडी रंगही देत.

रंगीत फिल्मने छायाचित्रकाराला पुन्हा मागे नेलं. १९३६ मध्ये स्थिर कॅमेऱ्यासाठी आलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचा वेग जेमतेम १० एएसए (हा आकडा जितका मोठा तितकी फिल्म वेगवान). लख्ख उन्हात एफ/४ या अॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडून, १/१६० च्या आसपासच शटर मिळे. अॅपर्चर एवढं उघडलं की इंजिनाचं तोंड स्पष्ट आणि चौथ्या-पाचव्या डब्यापासून पुढे सगळं मऊ. म्हणून आधीच रुळांखालच्या एखाद्या स्लीपरवर फोकस करून ठेवायचा आणि इंजिन तिथे पोचलं की बटण दाबायचं, ही सवय लागली. आजही ती मोडू नये. ऑटोफोकस झाडीवर किंवा हेडलाइटवर भरकटतो. १९६१ मध्ये २५ एएसए आणि १९६२ मध्ये ६४ एएसएची कोडाक्रोम आली, तेव्हा कुठे उन्हात एफ/५.६ ला १/५०० मिळालं.

वाफेच्या काळातले घाटातले चांगले फोटो बहुतेक चढत्या गाडीचे असतात. चढताना रेग्युलेटर (वाफ सोडणारी झडप) उघडा, म्हणून धुराचा आणि वाफेचा उंच लोट. उतरताना तो बंद, मग लोटही नाही. विन्स्टन लिंकने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या अमेरिकी रेल्वेवर रात्रीच्या अंधारात कित्येक फ्लॅशबल्ब एकाच क्षणी उडवून हाच लोट पांढराशुभ्र उभा केला. बल्ब एकदाच जळतो, म्हणजे गाडीमागे एकच फोटो.

प्रवासी गाडीला वेळापत्रक असतं, त्यामुळे ऊन दरीत कधी उतरतं ते पाहून जागा धरता येते. मालगाडीची वाट पाहावी लागते, आणि तोवर डोंगराची सावली रुळांवर येते. पण मालगाडी लांब असते, आणि वळण तिच्यामुळेच भरतं. कॅलिफोर्नियातल्या टेहाचापी लूप या गोल वळशावर (१८७६) सव्वा किलोमीटरहून लांब गाडी स्वतःच्याच शेपटीवरून सुमारे २३ मीटर उंचावर जाते. भोर घाटात चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, तेव्हा तोंड टिपून कॅमेरा खाली ठेवू नये.

विजेने छायाचित्रकाराला रुळांजवळून डोंगरउतारावर नेलं. स्वित्झर्लंडमधल्या आल्प्स ओलांडणाऱ्या गोटहार्ड मार्गावर १९२० पासून विजेची इंजिनं आली. खांबाची सावली इंजिनाच्या तोंडावर पडते, तारा काच कापत जातात, वळणावर तर खांब आणखी जवळजवळ येतात. तारांच्या वरून लांब लेन्सने, तोंड दोन खांबांच्या मधोमध असताना घेतलेला फोटोच स्वच्छ येतो. डिजिटलने फिल्मच्या वेगाची अडचण संपवली, पण नव्या आणल्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर जवळून जाणारे डबे तिरके झुकलेले दिसतात, म्हणून मेकॅनिकल शटर ठेवावं. फार वेगवान शटरला एलईडी पाट्यांवरची अक्षरं अर्धवट येतात.

२०१६ मध्ये गोटहार्डखालचा ५७ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा उघडला आणि वळणांमुळे त्या मार्गावरच्या वासेन गावच्या चर्चपाशी तीन वेळा दिसणारी वाहतूक बरीचशी जमिनीखाली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या बोगद्यात मालगाडी घसरली. मालगाड्या बोगद्याच्या दोन नळ्यांपैकी शाबूत नळीतून निघाल्या, लांब पल्ल्याच्या बहुतेक प्रवासी गाड्या मात्र जुन्या घाटावर आल्या, आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी बोगदा पूर्ववत होईपर्यंत वासेनची वळणं पुन्हा त्यांनी भरलेली होती.